समुद्रफुलासाठी थांबलेला माग

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो बोलू शकला... माझा थोरला भाऊ अण्णा सोलापुरात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवत राहिला. भेटायला आलेले लोक म्हणत होते, "सर फार शांत होते हो." शांत कसला! घर डोक्यावर घ्यायचा. नरम पडायचा तो फक्त समुद्रातल्या, पाठीला कणा नसलेल्या जिवांपुढे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अण्णा कॉलेजात नुकताच लागला होता. त्याच्या वर्गातल्या बहुतेक पोरांनी समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला, आणि समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उमलणारा तो समुद्रातला प्राणी, कॉलेजात होता तो बरणीच्या तळाशी आक्रसलेलं बटण होऊन. "ह्याला फूल कसं म्हणू पोरांपुढं?" म्हणून तो चिडायचा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेला आणि तीन जिवंत समुद्रफुलं दगडांसकट बादलीत घालून, बादली मांडीवर धरून एसटीनं आला. प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून स्वारी थेट आमच्या स्वयंपाकघरात. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आमची आई, अव्वा, दारातच थांबली ती आत येईना.

काम मोठं नाजूक. फूल उमललेलं असतानाच त्याला हळूहळू गुंगी आणायची आणि मगच ते टिकवायला फॉर्मॅलिन घालायचं. मध्येच दचकलं की ते मिटतं आणि कायमचं तसंच राहतं. गुंगीसाठी लागतं जुलाबाचं मीठ. ते आणायला अर्थातच मला पिटाळलं. एवढा मोठा पुडा बांधताना दुकानदार म्हणाला, "घरात समद्यांनाच तरास हाय व्हय?" लाजेनं माझी मान वर होईना.

पहिलं फूल पापडाच्या बरणीत छान उमललं. अण्णा चिमटीचिमटीनं मीठ सोडत होता. तेवढ्यात शेजारच्या नरसय्या विणकराचा माग खडखडायला लागला. दोन घरांत भिंत एकच. फरशी थरथरली आणि फूल मिटलं, ते मिटलेलंच मेलं. माग थांबलेला पाहून अण्णानं दुसरं घेतलं, तर अर्ध्यावर पुन्हा खडखडाट. घर डोक्यावर घेणारा माझा भाऊ बरणीपुढे बसून रडला.

अव्वा दारातूनच म्हणाली, "ते तसं बी मरणारच न्हवं?"

"व्हय, अव्वा."

"मग दोन जीव फुकट घालवलास की. तिसरा न्हाय घालवायचा." पदर खोचून ती थेट नरसय्याकडे गेली. मीही मागोमाग.

"मावशी, ऑर्डरची चादर हाय," नरसय्या म्हणाला. "माग थांबवायला कोन राजा आलाय?"

"समुद्रातनं पाव्हणा आलाय. चल बघायला. पाय तेवढा हळू टाक."

माग थांबला. नरसय्या बायकापोरांसकट चवड्यांवर चालत आला. ती सगळी दुपार आमच्या घरात भांड्याला भांडं लागलं नाही. अण्णानं माझ्या वेणीतला केस उपटला आणि त्या केसानं तो फुलाच्या पाकळ्यांसारख्या बोटांना अलगद शिवत राहिला. आधी ती आखडायची, मग सावकाश, मग आखडेनाशीच झाली. अण्णानं फॉर्मॅलिन सोडलं. फूल उमललेलंच राहिलं! "झालरच की हो," नरसय्या कुजबुजला. अव्वानं बरणीला हात जोडले आणि लगेच आंघोळीला गेली. पापडाची बरणी मात्र तिनं परत मागितली नाही.

परवा मी कॉलेजात जाऊन काचेच्या कपाटातलं ते फूल पाहिलं. रंग उडून पांढरं पडलंय, पण उमललेलंच आहे. तेवढ्यात मुलींचा घोळका किलबिलत आला आणि त्या कपाटापाशी एकदम गप्प झाला. त्यांच्या बाई हसून मला म्हणाल्या, "सर इथे कुणाला मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत. आम्हाला लागलेली सवय आता ह्यांनाही लागली." मलाही हसू आलं. इतक्या वर्षांपूर्वी मेलेल्या जिवाला आता कसला आवाज! आणि मग, अण्णा, तुझी अशी काही आठवण आली की हुंदका थेट घशाशी आला... मी पदर तोंडात कोंबला. ते मिटेल, असं खरंच वाटलं मला.