कापसातला बुवा

वलगावच्या शेषरावांना खोटं बोलायचा सराव नव्हता. खोटं बोलले की त्यांचे कान हलतात, असं त्यांची बायको सत्यभामा सांगायची, आणि तिच्यापुढे तीस वर्षं ते कान धरूनच वावरले. तरी १८६४ सालच्या माघात त्यांनी एक खोटं रचलं, आणि ते त्यांच्या हाताबाहेर गेलं.

त्या वर्षी समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई चालली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या तोलाचा झाला होता. लढाई कुणाची, हे वलगावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती इतक्यात मिटू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. भाव अजून चढेल म्हणून शेषरावांनी कापूस विकलाच नाही. मोठी खोली आढ्यापर्यंत भरली, माणसं ओसरीत आली आणि पाहुणे गोठ्यात गेले.

त्या ढिगावर सगळ्यांत जास्त प्रेम होतं चार वर्षांच्या शकुनचं. ही शेषरावांची नात. आईबाप दिवसभर वेचणीला, आणि उड्या मारायला एवढी मऊ जागा घरातच. पण कापसाला पायाची माती लागली की व्यापारी नाक मुरडायचा, शिवाय पोरगी आत रुतली तर सापडायची नाही. म्हणून शेषरावांनी सांगून टाकलं, की आत बुवा राहतो. लहान पोरं खातो आणि त्याचे पाय उलटे आहेत.

शकुन दोन दिवस घाबरली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, की बुवा आंघोळ कुठं करतो. मग तिनं खोलीच्या दाराशी पाण्याचा गडवा आणि भाकरीचा कुटका ठेवला. आता भाकर तशीच राहिली तर बुवा खोटा ठरणार. म्हणून स्वतःचं जेवण झाल्यावर शेषराव बुवाच्या वाट्याचंही चोरून खाऊ लागले. पाचव्या दिवशी शकुननं भाकरीवर ठेचा थापला आणि दुपारभर आबाजींच्या, म्हणजे शेषरावांच्या, डोळ्यांकडे पाहत बसली.

बुवा बोलत का नाही, असंही तिनं विचारलं. शेषरावांनी कान दाबून धरले आणि सांगितलं, की बोलतो, पण तो घरच्या माणसांचा आवाज काढतो. म्हणून आतून कुणीही हाक मारली तरी जायचं नाही. ही भर घातल्याबद्दल ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा धुणं घेऊन पेढी नदीवर गेली. शेषरावांनी जेवून ओसरीत डुलकी काढली आणि उठल्यावर ठरवलं, की आज बुवाला एकदाचं गुरगुरायला लावायचं. शकुन अंगणात होती. ते ढिगाच्या तळाशी हातांनी भोक पाडून पालथे आत शिरले आणि गुरगुरले. गुरगुर झकास जमली. तेवढ्यात वरचा ढीग खचला.

कापूस जड असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. हात छातीखाली अडकलेले, नाकात सरकी, तोंडात कापूस. डावा पाय तेवढा बाहेर राहिला होता. श्वास घ्यावा तर छातीला फुगायला जागा नव्हती.

"शकुन, मी हाय व, तुहा आबाजी. शेजारच्या किसनरावाले बोलाव."

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"बुवा बी असंच म्हनते," शकुन म्हणाली.

शेषरावांनी तिच्या बापाचं नाव सांगितलं, गाईचं सांगितलं. बुवा घरातच राहतो, त्याला सगळी नावं माहीत असणार, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं. त्यांच्या छातीवरचा भार वाढत चालला होता. अखेर त्यांना उलटे पाय आठवले.

"माहा पाय पाह्य. सुलटा हाय."

शकुननं लांबूनच पाहिलं. पालथ्या माणसाची टाच वर आणि बोटं जमिनीकडे.

"उलटाच हाय," ती म्हणाली.

आपल्याच बुवानं आपल्याला खाल्लं, हे सत्यभामेला कोण सांगेल, एवढाच विचार शेषरावांच्या मनात उरला. मग पावलं अगदी जवळ आली, एक लहानसं बोट तळपायावर टेकलं, आणि शकुन किंचाळत शेजारच्या अंगणाकडे पळाली, "किसनबाबा, बुवा नाई, आबाजी हाय थो!"

किसनरावांनी त्याच पायाला धरून शेषरावांना बाहेर ओढलं. घरभर खोकत, कापसाच्या पांढऱ्या दाढीमिशांनिशी ते ओसरीत टेकले, तेव्हा तळपायावर काजळाचा ठिपका दिसला. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई लावते, तसा शकुननं तो डुलकीच्या वेळी लावला होता. बुवाबद्दल सगळं तिनं ऐकलेलं होतं. ठिपका मात्र तिनं स्वतःच्या बोटानं लावलेला होता, तो बुवाच्या पायावर असणं शक्य नव्हतं.

"बुवा नसते, शकुन," शेषराव म्हणाले. कान हलले नाहीत.

"मले मालूम हाय. ठेच्याच्या दिवशी तुमच्या डोयातून पानी येत होतं."

"मंग मले लगेच काढलं काहून नाई?"

"नसला तरी भेव वाटते ना, आबाजी."

शेषरावांनी त्याच आठवड्यात कापूस विकायला काढला. गाड्या भरायच्या दिवशी मात्र खोलीत पहिलं पाऊल टाकण्याआधी ते दाराशी थांबले, आत डोकावले, आणि मग किसनरावांना म्हणाले, "तुमी व्हा पुढं."