मावशीचं वाढवलेलं वय

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, गिरणीची पहिली पाळी सुटायच्या आत. गिरणीच्या डॉक्टरनं कामगारांची वयं ठरवताना तिला तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि म्हणाला, "साठ." साठीला नोकरी संपते. संपली.

मावशी सन तीसच्या मार्शल लॉच्या उन्हाळ्यातली. सोलापुरात याहून पक्का जन्मदाखला नाही. रस्त्यावर गोऱ्यांचं लष्कर होतं आणि आजी भवानी पेठेत बाळंत होत होती. म्हणजे मावशी अठ्ठेचाळीस वर्षांची. पण दाढा पडलेल्या, केस पिकलेले. डॉक्टरला तेवढं पुरलं.

मी पत्रकं काढतो. आम्हा पोरांचं मंडळ म्हणजे एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि पोटभर राग. त्याच आठवड्यात मी पेपरात वाचलं, की अमेरिकेत काही मेलेली माणसं भयंकर गारठ्यात जपून ठेवलीत. पुढंमागं विज्ञान त्यांना उठवील या आशेवर. अंगावर काटा आला. मरणाला 'थांब जरा' म्हणणारी माणसं! मी तडक पत्रक लिहिलं आणि मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'विज्ञान माणसाचं आयुष्य वाढवणार! तिकडे मेलेल्याचं वय थांबवतात, इकडे जित्या बाईचं वय एका नजरेत पुढे ढकलतात!'

ती दचकली. "कुणाचं आयुष्य वाढवताय, मुडद्यांनो?"

"सगळ्यांचं."

"आरं, बांगडी फुटली की आपण वाढली म्हणतो. दुकान बंद केलं की वाढवलं म्हणतो. आन् तू गावाचं आयुष्य वाढवायला निघालास व्हय?"

मी हसलो. ती हसली नाही. नोकरी गेल्यापासून ती हसलीच नव्हती.

हा गारठा खरा की पेपरवाल्यांची थाप, हे डोळ्यांनी बघायचं म्हणून मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं वळूचं बीज गोठवून ठेवायचं नवं भांडं आलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी झाकण काढलं आणि पांढरी वाफ बाहेर आली. आली ती खाली उतरली. वाफ वर जाते एवढंच आम्हाला ठाऊक. ही मावशीच्या पावलांभोवती फिरली आणि विरली. मग त्यांनी झेंडूचं फूल आत बुडवून काढलं, टेबलावर आपटलं. खळ्कन काचेसारखा चुरा! मावशीनं एक पाकळी बोटावर घेतली. बघता बघता ती मऊ झाली, परत पाकळी झाली.

डॉक्टरांनी चिमट्यात बारीकशी नळी धरली. "हा वळू कधीच मेला. याची वासरं अजून जन्मतात."

"मेल्यावरबी बाप होतोय की!" मावशीनं पदर तोंडाला लावला. "आमचा दादला तर जित्तेपणी घरी येत न्हवता." आणि ती हसली, डोळ्यांत पाणी येईतो.

मी विचारलं, "माणूस असा उठेल?"

"अजून एकही उठलेला नाही. थेंबभर बीज जपणं वेगळं, अख्खा माणूस वेगळा. माणूस म्हातारा होतो तो नेमका कशानं, हेच अजून जगात कुणाला पुरतं उमगलेलं नाही."

मावशीनं तिथल्या तिथं तोंड उघडलं. "मग ह्ये बघून माझं वय सांगा की."

डॉक्टर ओशाळले. "बाई, मी दात बघून बैलाचं वय सांगतो, तेही सगळे दात येईपर्यंत. पुढं अंदाज. वाढ झालेल्या माणसाचं नक्की वय दातांवरून कुणीच सांगू शकत नाही."

"म्हंजे त्यानं मला बाजारातली म्हस धरून बघितलं. तेबी नीट न्हाय." ती त्या भांड्याकडे बघत राहिली. "माझं वय वाढवलं रे त्यानं." बांगडी वाढवतात तसं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना ती गिरणीच्या फाटकात उभी राहिली. गिरणीचा डॉक्टर बाहेर येताच म्हणाली, "आता तुमी तोंड उघडा साहेब, मी वय सांगती." सगळी पाळी हसली. डॉक्टर मोटारीत बसून गेला.

वर्ष होत आलं. मावशी अजून फाटकाबाहेरच आहे. हळहळू नका, त्यानं कुणाला आत घेत नाहीत. पाळी सुटायच्या वेळेला तिच्याशेजारी येऊन उभे राहा आणि त्या डॉक्टरला विचारा: जे अख्ख्या जगाला अजून उमगलं नाही, ते तुला एका बाईच्या दाढा बघून कसं उमगलं?