दूर जाणारा नदीकाठ

पडदा वर जातो. तालमीचा हॉल. भर दुपार, तरी खिडक्या बंद. समोर भिंतभर पांढरं कापड, त्यावर प्रोजेक्टरच्या उजेडात नदीचा काठ आणि लाकडी धक्का. उजव्या विंगेत, कॉम्प्युटरपुढे, माझी नणंद. ओठ घट्ट मिटलेले.

वन्संनी उभी हयात नाटकांचे पडदे रंगवले. त्यांनी रंगवलेल्या चांदण्यात मी नायिका होऊन कितीदा रडले, आणि टाळ्या मात्र एकटीने घेतल्या! पुढे लोकांची रंगीत पडद्यांची हौस संपली. सगळ्यांना वाटलं, या आता घरी बसणार. बसल्या, पण कॉम्प्युटरपुढे. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये कोडच्या ओळी लिहायच्या नसतात. चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एका चौकोनात चित्र येतं, दुसरा ते लहानमोठं करतो, तिसरा दाखवतो.

या नाटकात नायिका होडीतून निघते आणि काठ हळूहळू दूर जातो. वन्संनी स्वतः रंगवलेला काठ. पण तालमीत तो आचके देत मागे गेला, आणि परत जवळ आणला तर धक्क्याच्या फळ्यांचा नुसता लगदा.

"संध्याकाळच्या तालमीत जमलं तर ठीक," मॅनेजर म्हणाला, "नाहीतर काळा पडदा. बाई, लोक नटांना बघायला येतात."

"आणि होडी काय डांबरावर चालवणार?" वन्सं फिस्कारल्या.

मी हळूच म्हटलं, "वन्सं, सोडा ना. कशाला डोक्याला ताप?"

"वहिनी, तापाने फणफणत असतानाही तुम्ही प्रयोग केलेत. मला नका शिकवू."

थोड्या वेळाने त्याच ओरडल्या, "हात्तिच्या! लहान केलेलंच चित्र मी परत मोठं करतेय. गेलेले बारकावे येणार कुठून?"

त्यांनी तार काढून थेट मूळ चित्राला जोडली. फळी न् फळी उमटली. आचके मात्र तसेच. एवढं मोठं चित्र क्षणोक्षणी लहान करताना मशीनला धाप लागत होती.

"नवं मशीन मिळणार नाही हं," मॅनेजर.

"मागितलंय कोणी?"

त्यांनी त्याच चित्राच्या लहानमोठ्या प्रती आधीच करून मेमरीत ठेवल्या. हव्या त्या मापाच्या जवळची प्रत उचलायची, जराशी आवळायची, की झालं. आकाश तर हलतच नव्हतं. ते दरवेळी नव्याने काढणं बंद केलं.

संध्याकाळी काठ असा अलगद लांब गेला की नायिका वळून बघतच राहिली आणि वाक्य विसरली. मी एकटीने टाळ्या वाजवल्या. वन्संसाठी, इतक्या वर्षांनी.

मॅनेजरने मान डोलावली. "ठेवू या नदी. पण ऐन प्रयोगात अडकली तर? वर काळा पडदा गुंडाळून ठेवतो. दोरी ओढली की खाली."

"ठेवा की," वन्सं म्हणाल्या. "दोरी मात्र माझ्या हातात राहील."