गयाबाईंची गुणाची गोळी

"ताई, तिसऱ्या खेपेला बी माघारी धाडलं," म्हणत गयाबाई माझ्यासमोर बसल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला जायच्या आणि बीपी जास्त म्हणून परत यायच्या. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावाही अंधुक. आदल्या आठवड्यात त्यांनी व्याह्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. व्याही बिचारे कपभर प्यायले.

देवळाली प्रवरात माझा दवाखाना आहे. बीपीची गोळी माझीच, डोसही मी दोनदा वाढवलेला. तरी आकडा एकशे ऐंशी. मी लोणच्यावरून बोलले, सुनेच्या पापडांवर तर सरळ आरोप केला. सून अजून माझ्याशी तोडून बोलते. दुसरं काही औषध घेता का, हे मी दरवेळी विचारायचे. गयाबाई ठामपणे नाही म्हणायच्या.

मग लक्षात आलं, की पूर्वी दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना या बाई तीन देवांना हाका मारायच्या. आज तुरुतुरु आल्या होत्या. गुडघ्यांसाठी मी तर काहीच दिलं नव्हतं. सरळ विचारण्यात अर्थ नव्हता. मी उठले आणि कपाटापर्यंत चक्क लंगडत गेले.

"काय झालं, ताई?"

"गुडघा धरलाय, मावशी."

त्यांनी लगेच कमरेचा बटवा सोडला. "ही घ्या जेवल्याव. मी रोज दोन घेते. लई गुन हाय."

पेनकिलर होती. अशा बऱ्याच गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, वर बीपीच्या गोळीचा असरही कमी करतात. सर्दीच्या काही गोळ्याही बीपी वाढवतात. मला स्वतःचाच राग आला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी औषीद इचारलं. ही तर आमच्या आळीत सगळ्याच घेत्यात."

उपासाला साबुदाणा जेवणात धरत नाहीत, तशी ही गोळी औषधात धरलेली नव्हती. मी बटवा रिकामा केला, किडनीची तपासणी करून घेतली, गुडघ्यांना शेक आणि व्यायाम दिला. बाई रुसल्या, पण काही आठवड्यांत बीपी उतरलं आणि ऑपरेशन झालं.

डोळा दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी दवाखाना वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "ताई, पंख्याव केवढी जळमटं हायती."

पंखा त्याच दिवशी पुसला. तेव्हापासून पेशंटला, तुम्ही कोणती गोळी घेता, एवढंच विचारून थांबत नाही. शेजारणीला कोणती देता, तेही विचारते. त्याचं उत्तर मात्र लगेच मिळतं.