उजेडाची पेटी आणि ह्यांचा एक्स-रे

मी लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि सुट्टी मिळाली की चाकूरकडच्या आमच्या शेतात ताऱ्यांचे फोटो काढते. लोक क्लासचंच विचारतात, पोरीला कोणती बॅच बरी म्हणून. ताऱ्यांचं कुणी विचारत नाही. एकदा जावेला फोनवर म्हणाले, "आज फ्लॅट काढून राहिले." ती किंचाळलीच, "अगं बाई, भूकंप विसरलीस का? कितव्या मजल्यावर?" तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली.

तर फ्लॅट म्हणजे कोऱ्या उजेडाचा फोटो. लेन्सचे स्वतःचे दोष असतात; कोपरे अंधारे येतात, धुळीचे ठिपके पडतात. सगळीकडे सारख्या पांढऱ्या उजेडाचा फोटो काढला की त्यात फक्त हे दोष दिसतात, आणि मग कॉम्प्युटरवर ताऱ्यांच्या फोटोतून तेवढे काढून टाकता येतात. पण उजेड खरोखर सारखा पाहिजे. माझी उजेडाची पेटी म्हणजे दवाखान्यातली एक्स-रे बघायची जुनी पेटी, आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. भूकंपानंतर एका हाडांच्या डॉक्टरांनी तिच्यावर किती मोडके हातपाय बघितले असतील, देव जाणे. पुढे त्यांनी दवाखाना बंद केला, त्या जागेत आमचा क्लास आला, आणि जिन्याखाली पडलेली पेटी मी विचारून घरी आणली. काचेवर बटर पेपर चिकटवला, झालं काम.

अशी पेटी घरात असली तरी एक्स-रे आधी डॉक्टरांनी बघायचा असतो, एवढी अक्कल मला पाहिजे होती. हे नांदेडला नोकरीला, शुक्रवारी घरी यायचे. महिनाभर खोकून खोकून बेजार झाले होते. त्या शुक्रवारी छातीचा एक्स-रे काढून घेऊन आले, तर आमचे डॉक्टर लग्नाला लोह्याला गेलेले, सोमवारी भेटणार. शनिवारी सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी गुपचूप फिल्म पेटीवर लावली. बरगड्यांच्या मध्ये रुपयाएवढा पांढरा गोल डाग.

फिल्म पाकिटात घातली, क्लासला गेले, तीन बॅच घेतल्या. काय शिकवलं ते त्या पोरांनाच ठाऊक. ह्यांना एका शब्दानं बोलले नाही. रात्रभर प्रत्येक खोकल्याला माझा जीव वरखाली होत होता.

रविवारी दुपारी नुसतं बसवेना, म्हणून राहिलेले फ्लॅट काढायला घेतले. फोटोची एक बाजू जास्तच उजळ आली. आता हा दोष लेन्सचा की पेटीचा? ओळखायची रीत सोपी आहे. कॅमेरा हलवायचा नाही, पेटी थोडी फिरवायची आणि परत फोटो काढायचा. उजळ भाग जागेवर राहिला तर दोष लेन्सचा, पेटीबरोबर फिरला तर पेटीचा. फिरला की हो!

मी कॅमेरा तसाच सोडला आणि एक्स-रे आणला. फिल्म पेटीवर ठेवली, हळूच सरकवली. बरगड्या सरकल्या, डाग सरकला नाही. आणखी सरकवली. डाग खांद्यावर आला, मग खांद्याच्याही बाहेर! जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

फिल्म बाजूला करून बटर पेपर निरखला. तेल! कागदाला तेल लागलं की तिथून उजेड जास्त येतो. नाक लावलं, तर भज्यांचा वास.

"अहो! आधी इकडं या!"

हे आले.

"ह्या पेटीवर भजे कुणी खाल्ले?"

"कोणते भजे?"

"आता वर मलाच विचारता?"

"मागल्या रविवारी," हे खाली बघत म्हणाले. "तू क्लासला गेलतीस. चारच होते. कागदावरच ठेवले जरा वेळ."

मग मी जे तोंड सोडलं! एवढा खोकला, त्यात गाड्यावरचं तेलकट, वर माझ्या पेटीचा सत्यानाश. बोलता बोलता रडायलाच लागले. "कालपासून मला वाटून राहिलं, तुमच्या छातीत..."

हे पेटीवर वाकले. कागदावर बोट फिरवून बघितलं.

"म्हणजे तो तेलाचा डाग हाय?"

"तुम्हाला कसं कळलं डाग होता ते?"

"काल तू गेल्यावर मी बी लावून बघितला की. तुला कसं सांगावं तेच कळंना."

सोमवारी डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडं धरली आणि म्हणाले, "छाती साफ आहे."

"नक्की ना?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

डॉक्टरांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि फिल्म परत एकदा उजेडात धरून दाखवली.