गाळलेला तुकडा

आमच्या यांचा धंदा शिलाई मशीनं दुरुस्त करण्याचा. शनिवारी संध्याकाळी मात्र हे जॅझ बँडमध्ये ड्रमच्या मागे बसतात. पुढे सॅक्सोफोन घेऊन बँडचे म्होरके, दादा. दादा मोठे कलावंत, या वयातही त्यांच्या नावावर हॉल भरतो, हे मी नाकारत नाही. पण गाणं संपलं की ते सॅक्सोफोन वाकडा करून आतली थुंकी मागे झटकतात, ती नेमकी यांच्या बुटांवर पडते आणि हे मुकाट्याने फडक्याने पुसतात. ते फडकं धुते मी. मला किळस येते, आणि ती मी कधी लपवलेली नाही.

"अहो, बाजूला झटका म्हणावं की त्यांना!"

"वाजवताना दादांना भान नसतं गं."

यांना एकट्याने वाजवायला दादांनी उभ्या आयुष्यात कधी दिलं नाही. ती वेळ आली ती दादांच्या लाइव्ह अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना. एका संथ गाण्यात दादांचा दम संपला. ते मटकन खुर्चीत बसले, छाती भात्यासारखी वरखाली. बाकीचे वादक थांबले. तेवढ्यात यांनी ड्रमच्या काठ्या ठेवून तारांचे ब्रश उचलले आणि एकटेच वाजवू लागले. निजलेलं मूल न उठवता खोली झाडावी, इतकं हलक्या हाताने. सगळा हॉल चिडीचूप. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला. दादा सावरून उभे राहिले तेव्हा यांनी अलगद गाणं त्यांच्या हवाली केलं.

अल्बम येणार म्हणून यांनी नवा स्पीकर आणला. लेक-जावयाला बोलावलं. "इतकी वर्षं वाजवलं ते सगळं हवेत गेलं," मला म्हणाले, "हे तेवढं राहील."

ते गाणं लागलं. दादांचा सूर लांबला आणि एकदम टाळ्या! त्या क्षणी हॉलमध्ये कुणी चुटकीसुद्धा वाजवली नव्हती, आणि इथे धो धो टाळ्या. टाळ्या ओसरल्या तर पुन्हा दादाच.

"बाबा, तुमचं कुठे आहे?" जावयांनी विचारलं.

"पुढे असेल," हे म्हणाले. पुढे काही नव्हतं. हे उगाच स्पीकरवरची धूळ पुसत बसले. नव्या स्पीकरवर कसली आलीय धूळ!

मी रेकॉर्डिंगवाल्याला फोन करून फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, आम्ही ठेवला होता तो भाग. दादांनीच तो काढून तिथे टाळ्या जोडायला लावल्या."

तशीच यांना ओढत दादांकडे नेलं. दादा सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची वेताची पात ओली करायला चघळत बसले होते. टेबलावरच्या गढूळ पेल्यात आणखी दोन भिजत होत्या.

"वहिनी, माझी धाप लोकांनी ऐकायची?" दादा म्हणाले. "शोभतं का ते?"

"आणि यांचं वाजवणं? ते का कापलंत?"

दादांनी पात तोंडातून काढली. नाटक करत नव्हते, खरोखरच गोंधळले होते. यांच्याकडे वळून म्हणाले, "तू वाजवत होतास तेव्हा?"

जिना उतरताना हे पुटपुटले, "त्यांना कळलंही नाही, म्हणजे मी नीट सांभाळलं त्यांना."

मला शिसारी आली. दादांची तर आलीच होती, पण या वाक्याची जास्त. माणसाने किती पुसायचं दुसऱ्याचं!

शनिवारी यांनी मशीनच्या तेलाने ड्रमचं पेडल नेहमीसारखं नीट केलं. मी फडकं दिलं नाही.

"धुतलं नाहीस?"

"टाकून दिलं. आणि तुम्ही नाही गेलात तरी त्यांना कुठे कळणार आहे?"

बोलून गेले आणि माझीच जीभ चावली. यांनी बूट काढले आणि खुर्चीत बसले. कार्यक्रमाची वेळ झाली. फोन वाजला, थांबला, परत वाजला. पडद्यावर दादांचं नाव. हे मांडीवर बोटांनी हलकेच ताल धरून ऐकत राहिले.

"उचलू का?" मी विचारलं.

"राहू दे," हे म्हणाले. "वाजवू दे जरा त्यांना एकट्याने."