भागीबाई पिकअपमध्ये चढल्या

"मी गाडीत राहायला येणार नाही. एकदा सांगितलं."

"अगं आई, गाडी अजून घेतलीसुद्धा नाही. बघून तर ये!"

"बघायचं काय त्यात? चार चाकं, वर ताडपत्री. बघितली."

"ताडपत्री काढून टाकणार आहे मी. पत्र्याची खोली बसवायची, आतून लाकूड, खिडक्या, पंखा. खालचा पलंग खास तुझ्यासाठी."

"माझा पलंग घरात आहे. तो काय चावतो मला?"

"मग कारण सांग ना! नुसतं नाही-नाही काय लावलंयस?"

भागीबाईंनी तोंड उघडलं, ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मांडीवरची मेथी त्या इतक्या जोरात खुडायला लागल्या की पानांबरोबर देठही ताटात पडायला लागले.

स्नेहा ओट्यावरूनच म्हणाली, "यादव, पुरे. आई हो म्हणाल्या तरच गाडी घ्यायची, हे ठरलंय आपलं. त्यांना एकटं ठेवून मी कुठेही जाणार नाही."

"पण तिने कारण तर सांगावं!"

मेथी खुडणारे हात थांबले. खरं कारण यादवला ठाऊक होतं. ते स्नेहासमोर काढायचं नाही, अशी शपथ त्यानेच आईकडून घेतली होती.

ती गोष्ट त्याच्या लग्नाच्या वेळची. स्नेहाचे वडील शाळेत कारकून, भाऊ बँकेत. मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी यादव आईपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला होता, "आई, हरसूलला शेती होती आणि तू वसतिगृहात स्वयंपाक करायचीस, एवढंच सांग. मजुरांच्या टोळीचं काढू नको. माझी शपथ आहे." भागीबाईंनी मान हलवली. पोराच्या तोंडावर लाज बघितली आणि ती उचलून स्वतःच्या पदरात बांधून घेतली.

हरसूलला शेती होती हे खोटं नव्हतं. डोंगराच्या उतारावर नागलीचा एक तुकडा होता. नागली कापून झाली की गावात पोटापुरतं काम उरायचं नाही. मग मुकादमाचा टेम्पो यायचा. भागीबाई आणि त्यांचा नवरा बुधा, अख्खी वाडी त्यात उभी राहायची आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरायची. घडांची विरळणी, घड औषधात बुडवायचं काम, मग काढणी. एक बाग संपली की पुन्हा टेम्पो, पुढची बाग. कधी रात्रीच्या मुक्कामाला जागा मिळायची नाही, तेव्हा बायका-पोरं टेम्पोच्याच हौद्यात झोपायची आणि पुरुष खाली चाकांच्या आडोशाला. यादव रांगायला शिकला तो त्या हौद्यात. धक्का बसला की पत्र्यावर आपटायचा, म्हणून भागीबाई त्याच्या कमरेला लुगड्याचं टोक बांधून ते स्वतःच्या घोट्याला गुंडाळायच्या.

रस्त्याकडेच्या गावांतली माणसं टेम्पो थांबलेला दिसला की भांडीकुंडी आत घ्यायची. एकदा भागीबाई एका दारात पाणी मागायला गेल्या, तर घरातल्या बाईने पोराला आत ओढलं आणि दार लावलं. त्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज त्यांनी जन्मभर कुणाला सांगितला नाही.

पुढे बुधा तापाने गेला. पुढच्या हंगामाला टेम्पो आला तेव्हा भागीबाई चढल्या नाहीत. पोराला घेऊन नाशिकला आल्या, मुलींच्या एका वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागल्या. शहरी बोलणं तिथे शिकल्या. 'हाय'चं 'आहे' केलं, 'नाय'चं 'नाही' केलं. यादव शिकला, अंबडच्या कारखान्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायला लागला, कॉलनीत फ्लॅट झाला. त्या फ्लॅटच्या दाराला आतून कडी घालताना भागीबाईंना अजूनही बरं वाटतं.

आणि आता त्याच पोराला घर नको होतं. त्याचं काम कॉम्प्युटरवर, कुठूनही होतं. स्नेहाने शिकवणीवर्ग बंद केले होते, बारा वर्षांच्या पायलला ती स्वतः शिकवणार होती. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि गाडीतच संसार करायचा. आज समुद्र, उद्या डोंगर.

गाड्या बघून-बघून घर दमलं होतं. शाळेची जुनी बस पाहिली, ती कॉलनीच्या गल्लीत वळेना. रुग्णवाहिका स्वस्तात मिळत होती, पण स्नेहा म्हणाली, "मी यात डोळासुद्धा मिटणार नाही. कोण-कोण गेलं असेल हिच्यात!" ट्रॅव्हलर पाहिली, तर यादवचं डोकं छताला टेकलं. पायल म्हणाली, "बाबा, तुम्हीच थोडे कमी व्हा ना." शेवटी पेठ रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या आवारात एक लांब हौद्याची पिकअप सापडली. इंजिन चांगलं, सांगाडा मजबूत.

"आजी, तू फक्त बघ," पायल गळ्यात पडली. "नाही आवडली तर नाही म्हण. मी बाबांशी भांडेन."

नातीच्या हातांपुढे भागीबाईंचं चाललं नाही.

सकाळी लवकर निघाले. पेठ रोडच्या नाक्यावर गर्दी होती. डोंगराकडून आलेले मजूर, बायका, गाठोडी, डबे. कुणाच्या बागेचं बोलावणं येतंय याची वाट बघत बसलेले. रिक्षातून उतरताना भागीबाईंनी तिकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

आवाराचा मालक शेखर म्हणून होता. तोंडात बडीशेप, बोलणं गोड. "या मावशी! गाडी नाही, बंगला आहे बंगला. फक्त भिंती तुम्ही घालायच्या." त्याने पिकअप बाहेर रस्त्याच्या कडेला आणून लावली, मागचा फाळका पाडला. हौद्यावर लोखंडी कमानी होत्या, वर मळकी निळी ताडपत्री.

"आत चढून बघा ना," शेखर म्हणाला.

"थांबा, आईंना जमायचं नाही," स्नेहा म्हणाली. "यादव, स्टूल बघ रे एखादं."

यादव स्टूल घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

भागीबाई वर होत्या. डावा पाय टायरवर, हात कमानीला, अंगाला एक हलका झोका, आणि आत. वळून फाळक्याकडे यावं, स्टुलाची वाट बघावी, हे त्यांच्या पायांना सुचलंच नाही. आत गेल्यावर त्या सरळ केबिनच्या भिंतीला पाठ लावून बसल्या, गुडघे छातीशी घेऊन. एवढा हौदा रिकामा होता, तरी अंग चोरून बसल्या. शेजारी आणखी माणसं बसणार असल्यासारखं.

पायलने टाळ्या वाजवल्या. "आजी! तू तर स्टंट केलास!"

स्नेहा हसली, पण हसू अर्ध्यावर थांबलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. यादव स्टुलाचा पाय तपासत होता.

तेवढ्यात नाक्यावरच्या बायकांचा घोळका धावत आला. फाळका पडलेला, हौद्यात एक म्हातारी टोळीच्या बायकांसारखी बसलेली. त्यांना वाटलं, गाडी भरतेय.

"कलाबाय, ये ये, जागा हाय!"

"मावशे, कोणची बाग? दिंडोरीकडं का? हे धर, हे आधी घे वर."

पुढच्या बाईने, कलाबाई तिचं नाव, आपलं गाठोडं वर केलं. भागीबाईंनी ते घेतलं आणि पाठीमागे, केबिनच्या कोपऱ्यात सरकवलं. दुसरं आलं, तेही घेतलं, पहिल्यावर रचलं. डबा आला, तो मधे ठेवला, सांडणार नाही असा. तिसरं गाठोडं त्यांच्या हातात होतं तेव्हा यादव ओरडला.

"ए! खाली ठेवा ते! मजुरांची गाडी नाहीये ही. मागे व्हा, ए बाई, मागे हो म्हणतो ना!"

तो 'ए' भागीबाईंनी ओळखला. मुकादमाचा 'ए' असाच यायचा. हातातलं गाठोडं कुणाचं आहे, कुठे ठेवावं, त्यांना कळेना.

बायका मागे सरल्या. कलाबाई मात्र फाळक्याशीच उभी होती. ती भागीबाईंच्या बसण्याकडे, रचलेल्या गाठोड्यांकडे बघत होती. तिच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं.

"मावशे, आमचेकडली ना तू? हरसूलची?"

रस्ता होता, शेखर होता, सून होती. भागीबाई वसतिगृहात शिकलेल्या शहरी बोलीत म्हणाल्या, "नाही हो. आम्ही इथलेच. नाशिकचे."

"आजी?" पायल मोठ्याने म्हणाली. "आपण हरसूलचेच ना?"

कलाबाईचं हसू गेलं, पण रागही आला नाही. तिने हात पुढे केला, आपलं आणि बाकीच्यांचं सामान मागून घेतलं.

"असू दे माय," ती म्हणाली. "चुकलं आमचंच."

खाली उतरताना मात्र भागीबाईंना स्टूल लागलं.

घरी परतले. आल्या-आल्या यादव मोबाइलवर पिकअपचे फोटो बघत सोफ्यावर बसला. स्नेहाने पायलला शेजारी खेळायला पाठवलं, सासूपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली जमिनीवर बसली.

"आई, एक विचारू? तुम्ही त्या बाईला नाही का म्हणालात?"

"आपल्याला काय करायचंय," यादव मध्येच म्हणाला. "गर्दीत गोंधळ झाला, एवढंच. गाडीचं बोल."

"तुला नाही विचारलं."

भागीबाईंनी तांब्या उचलला नाही. "तिचं गाठोडं मी घेतलं गं," त्या म्हणाल्या. "हातात घेतलं, ठेवलं नीट. आणि मग तिच्या तोंडावर सांगितलं, मी तुझ्यातली नाय. तिनं वर मलाच 'चुकलं' म्हटलं. मला. कसं झालं माझ्याच्यानं?"

"म्हणजे तुम्ही..."

"मी त्याच टेम्पोतली, पोरी. यादव तिथंच रांगला. बागा करत हिंडलो आम्ही, हौद्यात निजलो. म्हणून मला ती गाडी नको. लोक दारं लावून घेत्यात गं, तू बघितलं नाय. मला पुन्हा कुणाच्या दारापुढं गाडीतून उतरायचं नाय."

सगळं 'नाय' परत आलं होतं. स्नेहाने सासूचा हात धरला. तो तिने इतक्या वर्षांत असा कधी धरला नव्हता.

"तेरा-चौदा वर्षं झाली मला या घरात येऊन, आई. एकदा तरी बोलायचंत. मी काय तुम्हाला हसले असते?"

भागीबाईंचे डोळे लेकाकडे गेले, आणि लगेच खाली. स्नेहाने ते पाहिलं.

"यादव."

तो फोटो सरकवत राहिला.

"यादव, मोबाइल ठेव. त्या तुझ्याकडे का बघताहेत? कारण सांग, कारण सांग म्हणून तू रोज त्यांच्या मागे लागला होतास. तुला माहीत होतं?"

"स्नेहा, हे बघ..."

"मी विचारतेय ते सांग. बोलू नको म्हणून आईंना तू सांगितलं होतंस?"

"राहू दे गं," भागीबाई पुटपुटल्या. "लहान होता. लाज वाटली त्याला."

"लग्नाचा मुलगा लहान असतो का, आई? आणि आज? आज त्या बायकांना ए-ए करताना कशाची लाज वाटली तुला, यादव? त्यांची, की आईंची?"

यादव उठला. मोबाइल सोफ्यावरच राहिला, पडद्यावर पिकअप तशीच. दारात तो वाकला, चपलेचा बंद नीट करायला लागला, फार वेळ. बंद केव्हाच नीट झाला होता. भागीबाई त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होत्या.

त्याने कडी काढली आणि जिना उतरून गेला.